तो बसला होता का नव्हता?

अहो, एवढं एकच सांगा. तो भोपळा बसला होता का नव्हता?

शेजारच्यांना वाटेल, बाईचं डोकं फिरलं. नवऱ्याचा चाळिसावा परवाच झाला आणि ही भोपळ्याचं विचारत बसलीय. वाटू दे. जो येतो तो मला म्हणतो, सबर कर. करते की सबर, पण आधी एवढं तरी कळू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्या गाडीला क्लच नाही. साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे क्लचप्लेट असते, हिच्यात त्या जागी तेलानं भरलेला गोल लोखंडी डबा असतो. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. आपल्या घरात त्याचं नाव भोपळा, कारण पुण्याहून तुम्ही तो मांडीवर घेऊन एसटीनं आलात, तेव्हा तुमच्या थोरल्या बहिणीनं, आपांनी, दारातच विचारलं होतं, "एवढा मोठा भोपळा कुठनं आणलास रे निसार?" त्या भोपळ्याला एक मान असते. ती गिअरबॉक्सच्या आत, एकात एक असलेल्या तीन ठिकाणी बसावी लागते. हळूहळू फिरवत आत सोडायचं. एकदा टक् वाजतं, परत टक्, आणि परत. तिसरं टक् झाल्याशिवाय गिअरबॉक्स इंजिनाला चढवायचा नाही. तसाच चढवून बोल्टनं ओढून घेतला, तर आतला तेलाचा पंप मोडतो आणि सगळंच मुसळ केरात.

तुम्ही म्हणालात, बसला. मी म्हणाले, नाही बसला. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. भांडण राहिलं तिथंच, आणि गिअरबॉक्सही राहिला पडवीत.

माझा डावा गुडघा पायरीवरून पडून कामातून गेला, तेव्हा माझी लाईन बंद पडली होती. भोरच्या बेकरीतून खारी, टोस्ट, नानकटाई घ्यायची आणि आंबवड्यापासून पार वेल्ह्याकडच्या वाड्यांपर्यंत दुकानादुकानांत टाकायची, हे माझं काम. क्लच दाबला की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. मी तोंडानं काही बोलले नव्हते. फक्त रिकामी खोकी रोज पुसून परत जागेवर ठेवत होते. ते तुम्ही बघितलंत वाटतं. एक दिवस ही बिनक्लचची जुनी गाडी दारात आणून उभी केलीत आणि म्हणालात, "तुझा डावा पाय आजपासून पेन्शनीत."

आणि पहिल्या दिवशी स्वतःच चालवायला बसलात. भाटघरच्या रस्त्याला म्हैस आडवी आली. तुमच्या डाव्या पायानं क्लच समजून ब्रेक दाबला, तोही जीव खाऊन. माझं कपाळ पुढं आपटलं, मागची खोकी आपल्या डोक्यांवरून पुढं आली, खारीचा पार भुगा झाला. म्हैस जागची हलली नाही. तिच्याकडं बघत तुम्ही काय म्हणालात? "ब्रेक चांगला हाय गाडीचा." त्यानंतर कितीतरी दिवस आपण चहात भुगा कालवून खात होतो. आपा तर वाटीत घेऊन चमच्यानं खायच्या आणि म्हणायच्या, रोज आडवी येऊ दे म्हैस.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझी जुनी ओढणी घेतलीत आणि स्वतःचा डावा पाय सीटला बांधलात. मी हसले तेव्हा म्हणालात, "हसतीस काय? डेपोत हयात गेली. पाय डोक्याला विचारत न्हाई." ते खरंच होतं. एसटीच्या डेपोत तुम्ही आयुष्यभर क्लचचे गिअरबॉक्स उतरवले आणि चढवले. पाय ओढणीनं बांधला तुम्ही. हातांचं काय करणार होतात?

कारण भांडण त्या हातांवरूनच झालं. शिवऱ्याजवळ हायवेला गाडीनं मान टाकली. इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी जागची हलेना. टेम्पोला बांधून घरी आणली. कुणीतरी सांगितलं की कन्व्हर्टर गेलाय, पुण्याला न्या. तुम्ही मान डोलावलीत, घरी आलात आणि बाह्या वर केल्यात. वरच्या वाडीच्या बबनभाऊंची साखळीची पुली आणून गिअरबॉक्स उतरवला. विहिरीची मोटर काढायची म्हणून ते पुली परत घेऊन गेले. मग तुम्ही पुण्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून दुरुस्त केलेला भोपळा आणलात.

ती दुपार मला जशीच्या तशी आठवते. गिअरबॉक्स ओंडक्यांवर आडवा. तुम्ही भोपळा पोटाशी धरलेला. मी पाटावर, वाकडा पाय लांब करून, हातात टॉर्च.

"आधी त्यात तेल घालायचं असतं," मी म्हणाले. मोबाईलवरचा तो व्हिडिओ तुम्ही एकदा बघितला होतात, तोही चहा पीत. मी परत परत बघितला होता. गाडी माझी होती.

"तेल मागनं आपोआप चढतंय."

"आणि गिअरबॉक्सचं तोंड जरा वर करून ठेवू. म्हणजे वजनानं सरकेल आत."

"जरीना, टॉर्च धर नीट."

टक् वाजलं. थोड्या वेळानं परत वाजलं. मग तुम्ही गुडघा लावून रेटलंत, भोपळा गच्च अडकला, आणि हात झटकून तुम्ही म्हणालात, "बसला!"

"नाही बसला. दोनदाच वाजलं."

"एकदा तुला ऐकू आलं न्हाई."

"माझा गुडघा वाकडाय. कान नाहीत."

"आगं, बोटभर ऱ्हायला आसंल तर बोल्ट आवळताना येतोय की वढून. समदे आसंच करत्यात."

"क्लचच्या गाडीला करत असतील. ह्याला तसं केलं तर पंप मोडतो. पट्टी लावून बघा, कडेपासून किती आत गेलाय ते."

"आता तू शिकव मला!"

मी टॉर्च तिथंच ठेवला, चालूच, आणि आत निघून गेले. माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. चार लोक म्हणतात, गेलेल्या माणसाशी भांडू नये. मी तर भांडणार. जिवंतपणी अर्धं सोडून गेलात, त्याला मी काय करू?

रात्री जेवताना आपण फक्त मिठाबद्दल बोललो. तुम्ही म्हणालात कमी आहे, मी म्हणाले बरोबर आहे. सकाळी मी उठले तर तुम्ही आधीच पडवीत. काहीतरी खडखडत होतं. मी मुद्दाम बाहेर आले नाही. मग दारातून तुमचा आवाज आला, "वर जाऊन येतो गं, बबनची पुली आनतो." मी कणीक मळत होते. "बरं," म्हणाले. मागे वळूनही बघितलं नाही, हात भरलेले होते.

दुपारी बबनभाऊंचा फोन आला. मला वाटलं, पुली मिळाली नसेल. पुली उचलायला वाकलात आणि छाती धरून तिथंच कोसळलात, एवढंच ते कसंबसं बोलले.

त्यानंतर घर माणसांनी भरलं. तुम्हाला ठेवायला पडवी मोकळी करायची म्हणून कुणीतरी गिअरबॉक्स ओढत कोपऱ्यात नेला आणि त्याच्यावर गोणपाट टाकलं. ओढताना तो तोंडावर कलला का? भोपळा पुढं सरकला का? मी कुणाला विचारणार? घरात मय्यत, आणि मी विचारू, भोपळा नीट धरलात ना? पण मनात आलं होतं हो. तुमच्या उशाशी बसून रडत होते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून गोणपाटाकडं बघत होते. माणसाचं मन काय चीज आहे, मला तर काही कळत नाही.

आता मी इद्दतीत आहे. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. लाईन बंद. वाडीवाडीतले दुकानदार फोन करतात, भाभी, खारी कधी? मी सांगते, इद्दत सरली की येते. कशात येते ते सांगत नाही. घरातून गोणपाट रोज दिसतं. येता-जाता तुम्ही तिथं वाकून बसल्यासारखं वाटतं, आणि मग तुमचा राग येतो. लई येतो. एका वाक्याचं काम होतं. "बसला गं, बघून घेतला," किंवा "नव्हता बसला, तुझंच खरं." दारातून ओरडताना पुलीबरोबर तेवढंही ओरडायचं होतं.

आपांना मी विचारलं, "इद्दतीत दागिने नकोत, मेंदी नको, अत्तर नको, कबूल. गिअरबॉक्सला हात लावला तर चालतो का?"

आपांनी बराच वेळ विचार केला. "मौलवींनी त्याचं कधी काही सांगितलेलं आठवत नाही," त्या म्हणाल्या. "पण शृंगार तर नाही तो." मग म्हणाल्या, "दे ना भंगारात. लोखंडाला बघून बघून रडतेस." आणि ओढणीच्या टोकानं स्वतःचेच डोळे पुसले.

गेल्या आठवड्यात बबनभाऊ आले. पुली घेऊन आले होते, एसटीनं. आत आलेच नाहीत, अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडं उभे राहिले. मी दाराआड.

"भाबी, पुली हितं ठिवलीया. माज्याच्यानं बगवंना तिच्याकडं."

"बबनभाऊ, त्या दिवशी हे गिअरबॉक्सचं काही बोलले का?"

"बोलले की. च्या पिताना म्हनले, भोपळा बसला एकदाचा. आता चढवायचा."

माझा जीव भांड्यात पडला. पण मग डोकं परत चाललं. "कधी बसला म्हणाले? आदल्या दिवशी दुपारी, का त्या दिवशी सकाळी?"

"त्ये न्हाई बोलले." त्यांनी पटक्यानं तोंड पुसलं. "आन् म्हनले, चढवायच्या आदी बायकूला दावायचाय."

"का दाखवायचा म्हणाले?"

"त्ये म्या कसं सांगू भाबी? आमी लगीच मोटरीचं बोलाय लागलो. मला काय ठावं, आसं हुईल म्हून." आणि तो एवढा मोठा, मेंढरं खांद्यावर टाकून डोंगर चढणारा माणूस गडग्याला धरून रडायला लागला. मी दाराआड रडत होते. मधे पुली.

तेव्हापासून मी जास्तच गोंधळले. आदल्या दुपारीही तुम्ही "बसला" असंच म्हणाला होतात. तेच बबनभाऊंना सांगितलंत, का सकाळी परत काही केलंत? मला दाखवायचा होता तो मला हरवायला, का माझ्याकडून तपासून घ्यायला? एकदा वाटतं, ह्यांनी ऐकलं असणार. एकदा वाटतं, छे, हा माणूस आणि ऐकणार? सकाळी एक बाजू पटते आणि भांडी घासेपर्यंत दुसरी.

आणि रविवारी सलीम येणार आहे, माझा धाकटा भाऊ. तो गाडी वर उचलून गिअरबॉक्स चढवून देतो म्हणाला. "आपण फक्त बोल्ट मारायचे ना?" फोनवर मी हो म्हणाले आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुम्ही ठेवलात तसाच चढवावा, तर तुम्ही चुकला असाल आणि पंप मोडेल. मग गाडी गेली, माझी लाईन गेली, आणि तुमचं शेवटचं काम माझ्याच हातानं मोडलं. काढून बघावा, तर शेवटच्या कामावरही बाईनं भरवसा ठेवला नाही. दोन्हीकडून तुम्हीच माझ्याकडं बघताय.

काल दुपारची नमाज झाल्यावर मी उठले, गोणपाट काढलं आणि भोपळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. आपा म्हणाल्या, "या अल्लाह." मी म्हणाले, काढून बघते, बघितल्याशिवाय मला चैन नाही. आणि ओढला.

भळकन तेल आलं. लालभडक, ताजं, सगळं माझ्या मांडीवर. सलवार, ओढणी, पाट, सगळं लाल. आपा ओरडल्या. त्यांना वाटलं, हात कापला. मी त्या तेलात हात घातला, नाकाला लावला, आणि तुम्ही गेल्यापासून नव्हते रडले तेवढ्या मोठ्यानं रडले.

कारण भोपळा कोरडा होता हो. तुम्ही आणलात तेव्हा मी स्वतः हलवून बघितला होता. त्या दुपारीही तुम्ही कोरडाच लावलात. म्हणजे मी टॉर्च टाकून गेल्यावर, नाहीतर दुसऱ्या सकाळी, तुम्ही तो परत बाहेर काढलात. त्यात तेल घातलंत. परत लावलात. माझं ऐकलंत की! आणि ऐकून माझ्याशी मात्र फक्त मिठाचं बोललात. काय म्हणू तुम्हाला? तेल पुसायचं सोडून मी तुम्हाला शिव्या देत होते आणि हसत होते. आपा दारात उभ्या, त्यांना काय करावं ते कळेना.

मग हसू थांबलं. भोपळा माझ्या मांडीवर होता. तेल घालून परत लावलात तेव्हा तिसरं टक् झालं होतं का, हे फक्त तो गिअरबॉक्समध्ये असेपर्यंतच कळलं असतं. काढायच्या आधी पट्टी लावायची होती. पट्टी लावा, पट्टी लावा म्हणून तुमच्या कानीकपाळी ओरडणारी मी, आणि वेळ आली तेव्हा मीच विसरले. आता ते कधीच कळणार नाही. ना मला, ना बबनभाऊंना. बसला होता का नव्हता, ते त्या तेलाबरोबर माझ्या मांडीवर सांडलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आता? आता कोन शानं?"

आपांनी जुनी चादर आणली, जमीन पुसली, आणि मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी टॉर्च उचलला. "किती वेळा वाजायचं म्हणालीस?"

"तीन वेळा."

"मग बस. मी धरते."

गिअरबॉक्सखाली विटा सरकवून आम्ही दोघींनी त्याचं तोंड जरा वर केलं. मी भोपळ्यात तेल घातलं, मान पुसली, आणि पोटाशी धरून आत सोडला. फिरवला. टक् झालं. परत फिरवला, बराच वेळ, आणि परत टक्. आपा बोटं मोजत होत्या. तिसरं काही येईना. हात भरून आले, कंबर धरली. आणि माझं मलाच कळलं नाही, मी चांगला गुडघा लावून रेटत होते. अगदी तुमच्यासारखं. तोंडातून निघून गेलं, "जाऊ दे, बोल्ट आवळले की येईल ओढून."

आपा म्हणाल्या, "मग आवळ."

मी गुडघा काढला. भोपळ्यावर नुसते तळवे टेकवले आणि रेटायचं सोडून दिलं. फक्त फिरवत राहिले, जात्यावर बसल्यासारखी, कसली घाई नसल्यासारखी. तुम्हाला जे जे सांगायचं होतं ते मनातल्या मनात सांगत होते. लाईनचं, गुडघ्याचं, मीठ खरंच कमी होतं ते. आणि मधेच कधीतरी हाताखालचं लोखंड एकदम आत गेलं. टक्. माझ्याच छातीत वाजलं.

"बसला!" मी म्हणाले. हात झटकून, तुमच्याच तोऱ्यात.

आणि थांबले. सवयीनं थांबले. आपा म्हणाल्या, "चला, झालं एकदाचं," आणि टॉर्च बंद केला. "नाही बसला" म्हणायला तिथं कुणी नव्हतं.

मग ते मीच म्हणाले. "नाही बसला. आधी पट्टी लावा."

आपांनी माझ्याकडं बघितलं. टॉर्च परत लावला, माझ्या हातात दिला आणि पट्टी आणायला आत गेल्या.